सुजेवर हलका हात : लसिका-निचऱ्याची मालिश घरी शिकताना

आईच्या उजव्या हातातली काचेची बांगडी एक दिवस मनगटावरून पुढे सरकेना, तेव्हा आम्हाला सुजेची पहिली खूण दिसली. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन सात महिने झाले होते, काखेतल्या गाठी काढलेल्या होत्या, जखम भरली होती आणि आता तपासणीच्या तारखा तेवढ्या सांभाळायच्या, असे घरात सगळ्यांना वाटत होते. त्या रात्री मी आपल्याकडे कोणीही करेल तेच केले. तिळाचे तेल कोमट केले आणि मनगटापासून खांद्यापर्यंत जोर लावून हात चोळून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी हात लाल झाला होता आणि आदल्या दिवसापेक्षा जड लागत होता. पुढे फिजिओथेरपिस्ट ताईंनी माझी बोटे आईच्या दंडावर ठेवायला लावली, त्यांवर स्वतःची बोटे ठेवली आणि पहिला धडा दिला, तो असा की सूज उतरवण्याच्या या लसिका-निचऱ्याच्या मालिशीत फक्त त्वचा हलवायची असते, खालचा स्नायू दाबायचा नसतो. ज्यांच्या घरी असा सुजलेला हात किंवा पाय आहे, किंवा ज्यांना उन्हाळ्यात आणि लांबच्या प्रवासानंतर पाय भरून येण्याचा त्रास होतो, अशा नवख्या माणसांसाठी मी हे लिहीत आहे.

इतका हलका हात कशासाठी

रक्तातला काही द्रव केशवाहिन्यांमधून पेशींच्या भोवती सतत झिरपत असतो. त्यातला जो भाग थेट रक्तात परतत नाही तो, आणि त्याच्याबरोबर बाहेर आलेली प्रथिने, गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडण्याचे काम लसिकावाहिन्या करतात. वाहिन्यांत गोळा झालेल्या या द्रवालाच लसिका (लिम्फ) म्हणतात. अशी साधारण २ ते ४ लिटर लसिका दिवसभरात मानेच्या तळाशी, कॉलरबोनच्या मागे असलेल्या मोठ्या शिरांमध्ये रिकामी होते. वाटेत ती सुमारे ६०० लसिकाग्रंथींपैकी काहींमधून गाळून पुढे जाते. बोलताना आपण ज्यांना नुसते ‘गाठी’ म्हणतो त्या याच, आणि त्यांचे मोठे पुंजके मानेत, काखेत, पोटात व जांघेत असतात. उजवा हात, छातीची उजवी बाजू आणि डोक्यामानेची उजवी बाजू यांची लसिका उजवीकडे उतरते, तर बाकी सगळ्या शरीराची, दोन्ही पायांसकट, डावीकडे उतरते. या संस्थेला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्या स्वतःच संथपणे आकुंचन पावतात, आतल्या झडपा द्रवाला मागे येऊ देत नाहीत, आणि उरलेला रेटा श्वासातून, चालण्यातून व स्नायूंच्या हालचालीतून मिळतो.

सर्वांत बाहेरच्या लसिकावाहिन्या त्वचेच्या लगेच खाली जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात. त्यांच्या भिंतीतल्या पेशी छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात आणि बारीक तंतूंनी आसपासच्या ऊतींना बांधलेल्या असतात. त्वचा हळुवार ताणली की ते तंतू ओढले जातात, कौलांमधल्या फटी उघडतात आणि द्रव आत शिरतो. ताण सोडला की फटी मिटतात आणि आत आलेला द्रव पुढे सरकतो. जोराने दाबल्यावर या नाजूक वाहिन्या चेपल्या जातात, शिवाय त्या भागाचा रक्तपुरवठा वाढून आणखी द्रव बाहेर झिरपतो. माझ्या तेलमालिशीने आईचा हात जड झाला, त्याचे हे कारण मला पुष्कळ उशिरा समजले. बाळंतिणीची किंवा थकलेल्या पाठीची मालिश आपल्या जागी योग्यच आहे, पण लसिकेच्या सुजेला ती लागू पडत नाही.

ही पद्धत डेन्मार्कचे एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी १९३० च्या दशकात फ्रान्समधील कान (Cannes) या शहरात काम करताना बसवली आणि १९३६ मध्ये पॅरिसमध्ये लोकांसमोर मांडली. पुढे जर्मनीत मिखाएल व एटेल्का फोल्डी या डॉक्टर दांपत्याने तिला पट्टी बांधणे, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड देऊन संपूर्ण उपचारपद्धतीचे रूप दिले. लिम्फोडीमासाठी, म्हणजे लसिका साचून येणाऱ्या टिकाऊ सुजेसाठी, आजही हे चारही भाग एकत्रच वापरले जातात आणि त्यांत पट्टीचा किंवा दाब देणाऱ्या बाहीचा वाटा मालिशीपेक्षा मोठा मानला जातो. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या सुजेवर झालेल्या अभ्यासांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा असे सांगतो की ही मालिश सुरक्षित आहे आणि पट्टीच्या जोडीने केल्यास सूज उतरण्यात तिची थोडी भर पडू शकते. मला हा निष्कर्ष दिलासा देणारा वाटतो, कारण त्यात आशा आहे आणि ती वाजवी आहे.

‘शरीरातले विष बाहेर काढते’, ‘आठवड्यात कंबर कमी करते’ अशा जाहिराती अलीकडे शहरात ठिकठिकाणी दिसतात. विषारी द्रव्ये निपटण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. या मालिशीने चरबी कमी होत नाही. साचलेला द्रव सरकतो, अंग हलके वाटते आणि संथ स्पर्शामुळे मन निवते, एवढे नक्की सांगता येते. आईला तर मालिश अर्ध्यावर आली असतानाच झोप लागते, आणि वर्षभराच्या उपचारांत तुटक झोप घेतलेल्या माणसासाठी ती झोप लहान गोष्ट नाही.

हात लावण्याआधी

सूज कशाची आहे हे डॉक्टरांकडून कळल्याशिवाय मालिशीला सुरुवात करू नये. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि अशा पायाला चोळणे धोक्याचे आहे. त्यासोबत दम लागत असेल तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. हृदय किंवा मूत्रपिंड नीट काम करत नसल्यामुळे आलेल्या सुजेत द्रव रक्तात परत ढकलला, तर आधीच थकलेल्या अवयवावर भार वाढतो. ताप असताना, त्वचेवर लाल, गरम, पसरत जाणारा चट्टा असताना आणि उपचार सुरू न झालेल्या कर्करोगात ही मालिश करायची नाही. थायरॉइडचा आजार, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता किंवा मानेतल्या रक्तवाहिन्यांचा आजार असल्यास मानेचा भाग पूर्ण वगळावा. साठीच्या पुढच्या माणसांच्या मानेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. गरोदरपणात आणि पोटाच्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर काही करू नये, आणि किरणोपचाराने पोळलेली त्वचा बरी होईपर्यंत तिला स्पर्शही करू नये.

शिकण्यासाठी पहिल्या दोनतीन वेळा तरी प्रशिक्षित हाताखालीच बसावे. आमच्या नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये, मिहानमधील एम्स, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था किंवा राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय यांपैकी जिथे उपचार चालू असतील, तिथल्या डॉक्टरांना ‘लिम्फोडीमाचे काम येणारे फिजिओथेरपिस्ट कुठे भेटतील’ असा नेमका प्रश्न विचारावा. नुसते ‘फिजिओ हवा’ म्हटले की बहुधा खांद्याचे व्यायाम सांगून पाठवणी होते.

तयारीला फार काही लागत नाही. नखे कापलेली असावीत, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्यात, हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. तेल, मलम, पावडर यांपैकी काहीही लावू नये, कारण बोट घसरले की त्वचा ताणली जात नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. जेवण होऊन तासदीड तास झालेला असावा, लघवीला जाऊन आलेले असावे, कपडे सैल असावेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा दुपारी घाम आलेल्या अंगावर हे काम होतच नाही. आम्ही सकाळी आठच्या आत, कूलरचा झोत थेट अंगावर येणार नाही अशा बेताने, खाटेवर उशी देऊन आईचा हात छातीच्या पातळीपेक्षा थोडा वर ठेवतो.

दाब किती, हे आधी स्वतःच्या शरीरावर शिकावे. डोळा मिटून पापणीवर बोट टेकवावे आणि डोळ्याला अजिबात त्रास न होता पापणी जेवढी सरकवता येते तेवढाच दाब लक्षात ठेवावा. मग बोटांची टोके उचलून घेऊन बोटे सपाट ठेवावीत, त्वचेला चिकटवावीत, त्वचा त्या दिशेने जेवढी सहज जाईल तेवढी न्यावी आणि सोडून द्यावी. ती आपली आपण परत येते. एका फेऱ्याला साधारण दोन-तीन सेकंद लागावेत. बोटाखाली हाडाची किंवा स्नायूची कठीण जाणीव झाली तर दाब जास्त आहे, आणि मागे लाली उरली तर तो फारच जास्त झाला आहे, असे समजावे. नवख्या माणसाची चूक बहुतेक वेळा घाईत होते. दहा फेऱ्या दहा सेकंदांत उरकणाऱ्यापेक्षा पाचच फेऱ्या शांतपणे करणाऱ्याच्या हाताला जास्त गुण येतो.

क्रम : आधी पुढची वाट मोकळी

पहिल्या पावसात गल्लीतली नाली तुंबते तेव्हा शहाणा माणूस घराजवळचा गाळ ढकलत बसत नाही. तो आधी पुढचे तोंड मोकळे करतो आणि मग मागे मागे येतो. इथेही हाच नियम आहे. सूज पंज्यात असली तरी काम मानेपासून सुरू होते, आणि हा उलटा वाटणारा क्रम एकदा मनात बसला की उरलेल्या पायऱ्या पाठ करण्याची गरज उरत नाही. पुढचा क्रम ज्यांच्या गाठी काढलेल्या नाहीत आणि ज्यांना उन्हाने, बसून राहिल्याने किंवा प्रवासाने साधी सूज येते त्यांच्यासाठी आहे.

पहिली पायरी श्वासाची आहे. उताणे झोपून, गुडघे वाकवून, दोन्ही तळवे पोटावर ठेवावेत. नाकाने सावकाश श्वास घेताना पोट तळव्यांना वर उचलते, तोंडाने सोडताना खाली बसते. असे आठ-दहा श्वास घ्यावेत. छातीपोटातल्या दाबाच्या या चढउताराने पोटातून वर जाणारी मोठी लसिकावाहिनी रिकामी व्हायला मदत होते. पुष्कळ जण ही पायरी टाळतात, आणि माझ्या मते तिथेच अर्धा लाभ हातचा जातो.

दुसरी पायरी कॉलरबोनच्या वरच्या खळग्याची. तर्जनी आणि मधले बोट दोन्ही बाजूंच्या खळग्यांत सपाट ठेवावे आणि त्वचा आतल्या व खालच्या दिशेने अलगद न्यावी, सोडावी. असे दहा ते पंधरा फेरे करावेत. त्यानंतर कानाच्या खालून मानेच्या कडेने कॉलरबोनकडे त्वचा उतरवत आणावी. गळ्याच्या मधोमध बोट जाऊ देऊ नये.

तिसऱ्या पायरीत हात की पाय हे ठरते. हातासाठी काखेत तळवा सपाट टेकवून त्वचा वर, शरीराच्या आत जाणाऱ्या दिशेने, दहा-पंधरा वेळा न्यावी. पायासाठी हेच काम जांघेत, मांडी जिथे धडाला मिळते त्या घडीजवळ करावे.

मग अवयवाकडे वळावे, तेही वरच्या टोकाकडून. पायाचे असेल तर आधी मांडी, आणि मांडीतही जांघेजवळचा भाग अगोदर. प्रत्येक जागी पाच ते सात फेरे, सगळे जांघेच्या दिशेने. नंतर गुडघ्यामागच्या खळग्यात चार बोटे ठेवून त्वचा वर न्यावी, मग पोटरी, मग घोट्याच्या दोन्ही बाजू, शेवटी पावलाचा वरचा भाग आणि बोटे. पावलापर्यंत पोहोचल्यावर परत त्याच वाटेने वर जायचे, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, जांघ, आणि शेवटी पुन्हा चार-पाच खोल श्वास. हाताचेही असेच करावे : दंड, कोपर, कोपराखालचा हात, मनगट, तळहाताची मागची बाजू. एका पायाला किंवा हाताला वीस ते तीस मिनिटे पुरतात.

गाठी काढलेल्या असतील तर

इथे वाट बदलते, आणि म्हणूनच हा भाग कागदावरून वाचून करू नये. आईच्या उजव्या काखेत आता लसिका स्वीकारायला पुरेशा गाठी नाहीत. तिथे द्रव ढकलणे म्हणजे बंद दारावर गर्दी करणे होय. म्हणून तिच्यासाठी ताईंनी दोन वळणवाटा आखून दिल्या आहेत. श्वास आणि मान झाल्यावर आम्ही आधी डावी, म्हणजे निरोगी काख जागी करतो आणि नंतर उजवी जांघ. मग छातीवरची त्वचा उजवीकडून डाव्या काखेकडे टप्प्याटप्प्याने सरकवतो, आणि उजव्या कुशीवरची त्वचा काखेखालून कंबरेवरून जांघेकडे उतरवतो. धडाची ही वाट मोकळी झाल्यावरच दंडाला हात लागतो, आणि दंडावरचा फेराही आतून बाहेरच्या बाजूने खांद्याकडे जातो. सुरुवातीला ताईंनी आईच्या अंगावर धुऊन जाणाऱ्या पेनाने बाण काढून दिले होते आणि आम्ही त्यांचा फोटो काढून ठेवला होता. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी आपल्या फिजिओथेरपिस्टकडे असे बाण आवर्जून मागावेत.

मोजमाप ठेवणे मला मालिशीइतकेच महत्त्वाचे वाटते. शिंप्याचा टेप घेऊन मनगट, कोपराखाली १० सेंमी, कोपर, कोपरावर १० सेंमी अशा ठरलेल्या जागी दोन्ही हातांचे घेर आठवड्यातून एकदा, एकाच वेळी मोजून वहीत लिहावेत. दोन्ही हातांत २ सेंमी किंवा अधिक फरक आढळला तर तो लिम्फोडीमाचा इशारा मानून डॉक्टरांना दाखवावे. पायाच्या बाबतीत दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचेची चिमूट धरून पाहावी. चिमूट धरताच येत नसेल तर तेही दाखवायला हवे.

हत्तीपायाविषयी

विदर्भात पायाच्या सुजेवर लिहिताना हत्तीरोगाला वगळता येणार नाही. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, गोंदिया या पट्ट्यात हा आजार जुना आहे. क्युलेक्स डासामार्फत शरीरात शिरलेल्या जंतांमुळे लसिकावाहिन्या कायमच्या निकामी होतात. २०१९ मध्ये देशातल्या ज्या मोजक्या जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल ही तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम सुरू झाली, त्यांत नागपूर होते. आरोग्य कर्मचारी गोळ्या घेऊन घरी येतात तेव्हा अंगावर काही दिसत नसतानाही त्या त्यांच्यासमोरच घ्याव्यात, कारण पाय सुजेपर्यंत आजार कित्येक वर्षे मुकाट शरीरात राहिलेला असतो.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांच्यासाठी मालिशीपेक्षा रोजची धुलाई मोठी आहे. साध्या पाण्याने आणि साबणाने पाय, विशेषतः बोटांच्या बेचक्या आणि त्वचेच्या घड्या, हळुवार धुवाव्यात, मऊ फडक्याने टिपून पूर्ण कोरड्या कराव्यात, भेगा किंवा चिखल्या असतील तर डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे, बसताना-झोपताना पाय उंच ठेवावा आणि घोटा वरखाली फिरवत राहावा. जंतू बहुतेक वेळा याच भेगांतून आत जातात आणि मग थंडी वाजून ताप येतो, पाय लालबुंद होतो. असे झाले की मालिश, पट्टी, व्यायाम सगळे थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा; प्रत्येक अशा तापानंतर सूज थोडी अधिक पक्की होत जाते.

मालिश झाल्यावर

दहा मिनिटे तसेच पडून राहावे, मग पाणी प्यावे. लिम्फोडीमा असलेल्यांनी डॉक्टरांनी दिलेली बाही, मोजा किंवा पट्टी याच वेळी चढवावी, कारण ती नसेल तर सरकलेला द्रव संध्याकाळपर्यंत परत जागेवर येतो. बाही घालूनच हलका व्यायाम करावा : मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे, खांदे फिरवणे. पायांसाठी चालण्यासारखे दुसरे काही नाही, कारण पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलागणिक द्रव वर ढकलतो. नागपुरात अंबाझरी तलावाच्या बाजूने सकाळी अर्धा तास सपाट रस्त्यावर चालणे पुष्कळांना पुरते.

उन्हाळ्यात बाही नकोशी होते हे मी रोज पाहते. आई तिच्यावर थोडे पाणी शिंपडून घेते, त्याने दुपार निभते. बाही रोज सौम्य साबणाने हाताने धुवावी, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्यावे आणि सावलीत सुकवावी. आपल्या गच्चीवरच्या उन्हात तिचे रबर लवकर मरते. धुताना एक अंगावर राहावी म्हणून दोन बाह्या असलेल्या बऱ्या. साधारण सहा महिन्यांनी ती सैल पडते, तेव्हा वहीतली मोजमापे घेऊन जावे आणि नव्याने माप देऊन दुसरी करून घ्यावी.